शिट्टीला जागा द्या

गेल्या अंकात या सदरात मी ‘अलाश’ या दक्षिण सैबेरियातल्या तुवाच्या तिघा गायकांबद्दल चार परिच्छेद लिहिले होते. एका गळ्यातून एकाच वेळी दोन सूर, खाली सलग स्वर आणि वर शिट्टीसारखा बारीक सूर, काढणारे (या गायकीला खूमेई म्हणतात) हे तिघे आणि तोंडाने ड्रम वाजवणारा अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा बीटबॉक्सर शोडेकेह एकत्र येतात तेव्हा काय होतं, असा तो विषय. त्यावर आलेली पत्रं वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांतली सहा निवडली आहेत. सव्वीस वर्षं मिक्सरमागे बसून लोकांचे आवाज मुद्रित करते आहे, तेव्हा उत्तरं कानाला जसं कळलं तशीच देते.

प्रश्न : ताई, मी बीटबॉक्सिंग करतो. माझा मित्र गेली तीन वर्षं ध्वनिमुद्रणं ऐकून खूमेई शिकतोय आणि त्याची शिट्टी आता स्वच्छ लागते. आम्ही वेगवेगळे गायलो तर लोक खूश असतात. एकत्र केलं की नुसता गोंगाट होतो. त्याचा सूर ऐकूच येत नाही आणि माझ्या बीटला धार राहत नाही. माइक बदलले, जागा बदलल्या. चूक कुठे आहे? *(महाविद्यालयीन विद्यार्थी)*

उत्तर : माइक आहे तोच राहू दे. हीच अडचण मी एका रेकॉर्डिंगला समोर बसून पाहिली आहे, आणि तिथे पहिली चूक माझी होती.

दोघं जण आले होते, साधारण तुमच्याच वयाचे. मी दोघांनाही अगदी जवळून माइक दिले, दोघांचेही आवाज कॉम्प्रेसरने घट्ट बांधले, म्हणजे लहान आवाज उचलले आणि मोठे दाबले. पहिले चार टेक वाया गेले. बीटबॉक्सरचा प्रत्येक श्वास, ओठांची प्रत्येक चिकचिक वर आली आणि त्यात गाणाऱ्याची शिट्टी बुडाली. पाचव्या टेकच्या आधी मी बीटबॉक्सरला म्हटलं, तुझे आवाज एकेक करून दे, आणि गाणाऱ्याला म्हटलं, तू फक्त सूर धर. मग पडद्यावर दोघांच्या कंपनसंख्या एकाखाली एक लावून पाहिल्या.

गाणाऱ्याचा मूळ स्वर 150 हर्ट्झच्या आसपास होता. त्यावरची शिट्टी म्हणजे त्याच स्वराच्या आठपट, नऊपट, दहापट, बारापट. गुणाकार करून बघ : 1200, 1350, 1500, 1800. त्याचं सगळं गाणं या सहाशे हर्ट्झच्या पट्टीत चाललं होतं. आणि बीटबॉक्सरचा स्नेअर, तो जोरात मारलेला ‘क्ह’, नेमका याच पट्टीवरून झाडू फिरवल्यासारखा जात होता. हाय-हॅटचा, म्हणजे झांजांचा, ‘त्स’ याच्या बराच वर असतो. तो सूर झाकत नाही, पण कानाचं लक्ष पळवतो. खालच्या बाजूलाही तेच. तुझा मित्र कार्गिरा लावत असेल, म्हणजे तो खोल खरखरीत आवाज, तर तो 60-70 हर्ट्झपर्यंत उतरतो. तुझा किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका, आणि थ्रोट बास, म्हणजे घशातला खर्ज, तिथेच राहतात. एका खोलीत दोन पलंग लावल्यावर चालायला जागा उरत नाही, तसं झालंय तुमचं.

म्हणून पहिलं काम : मित्र शिट्टी धरेल तेव्हा स्नेअर बंद. पूर्ण बंद. त्याजागी जिभेची कोरडी टिचकी दे, ती आखूड असते, मागे शेपूट ठेवत नाही. तो कार्गिरात उतरला की तू बास सोड आणि वर ये, तिथे तुझा ‘त्स’ शोभेल. असं करून पाहिल्यावर त्या दिवशी गाणाऱ्या मुलाने हेडफोन काढून विचारलं, “माझा आवाज वाढवलात का?” मी फेडरला हातही लावला नव्हता.

दुसरं काम श्वासाचं. ते जास्त कठीण आहे. तू आत ओढलेल्या श्वासावरही आवाज काढतोस, म्हणून तुझा ताल तुटत नाही. मित्राचं तसं नाही. त्याचा सूर बाहेर जाणाऱ्या श्वासावर उभा असतो, श्वास संपला की ओळ संपली. दहा सेकंद, पंधरा सेकंद, दर वेळी थोडं वेगळं. तू चार-चार मात्रांचे डबे रांगेत लावत बसलास तर त्याला दर वेळी तुझ्या डब्यात कोंबून बसावं लागेल, आणि मग तो घाईत श्वास घेईल आणि सूर किंचित खाली पडेल. एक दिवस ताल न धरता नुसता त्याचा श्वास मोज. त्याची ओळ संपते तिथे तुझा भराव सुरू होऊ दे. तुवामध्ये दोशपुलूर नावाचं तीन तारांचं वाद्य गाण्याला साथ करतं. त्याची छेड ऐक, ती घोड्याच्या चालीवर असते आणि गायकाच्या श्वासाला थांबून घेते.

आणि मित्राला सांग, एझेंगिलेर शिक. एझेंगी म्हणजे रिकीब. रिकिबीत पाय ठेवून दौडताना शरीराला जे हिसके बसतात ते या प्रकारात सुरातच उमटतात. पडजीभ आणि तिच्यापुढचा मऊ टाळू नाकाची वाट उघडतो-मिटतो, आणि सलग स्वराला आतूनच ठेका येतो. त्या ठेक्यावर तुझा किक बसव. तुमच्या दोघांच्या कलांना सांधणारा दरवाजा मला तिथेच दिसतो.

प्रश्न : मी गायन शिकवते. तुम्ही सुचवलेली सिगितची (खूमेईच्या उंच शिट्टीच्या प्रकाराची) ध्वनिमुद्रणं ऐकली आणि चकित झाले. मला त्यात स्पष्ट भूप ऐकू आला! हा योगायोग की पूर्वी कधी संबंध आला असेल? *(गायन शिक्षिका)*

उत्तर : तुमचा कान अगदी बरोबर आहे, पण इतिहासात जायची गरज नाही. हे गणित निसर्गाचं आहे.

तंबोऱ्याच्या खर्जात तुम्हाला स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश. असे अंश प्रत्येक स्वरात एकावर एक रचलेले असतात, माणसाच्या आवाजातही. पहिला, दुसरा, चौथा, आठवा हे सगळे षड्ज. तिसरा, सहावा, बारावा पंचम. पाचवा, दहावा गंधार. नववा रिषभ. तुवाचा गायक खालचा स्वर हलवत नाही. जीभ, जबडा आणि ओठ यांनी तोंडाच्या पोकळीचा आकार बदलत तो या शिडीवरची एकेक पायरी उजळतो. सहावी, आठवी, नववी, दहावी, बारावी, म्हणजे प सा रे ग प. झाला की तुमचा भूप!

आता यातली खरी रसाळ गोष्ट. सातवी आणि अकरावी पायरी ते टाळतात. सातवी कोमल निषादाच्याही खाली पडते, अकरावी शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध लोंबकळते. म्हणजे शिडी निसर्गाची, पण कुठे पाय ठेवायचा आणि कुठली पायरी ओलांडायची हे तिथल्या माणसांनी कानाने ठरवलंय. तेरावी मात्र ते घेतात, आणि इथे पेटी घेऊन बसलात तर फसाल. हा धैवत कोमल आणि शुद्धच्या मध्ये आहे, तुमच्या भूपातला नव्हे. पुन्हा ऐका, वर जाऊन परतताना एक सूर ‘चुकल्यासारखा’ वाटेल. तो चुकलेला नाही, तो तिथेच असतो.

ती शिट्टी इतकी टोकदार कशी होते याचंही मोजमाप झालंय. तुवाच्या ‘हून-हूर-तू’ या प्रसिद्ध संचाच्या गायकांचे आवाज अभ्यासून 2020 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यातल्या एका गायकाचं एमआरआयही केलं होतं. आपल्या तोंडाच्या पोकळीला वेगवेगळे घुमार असतात, त्यांच्यावरूनच आपण ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ओळखतो. हे गायक त्यांतला दुसरा आणि तिसरा घुमार एकमेकांवर आणून ठेवतात. दोन भिंगांचा प्रकाश एकाच बिंदूवर पाडावा तसं. जिभेचं टोक दातांमागे आणि जिभेचं मूळ घशाकडे, अशा दोन ठिकाणी वाट अरुंद करून ते हे साधतात. मी तो आलेख पाहिला तेव्हा उठून दोन मिनिटं खोलीत फेऱ्या मारल्या. इतक्या बारीक अंतराचा हिशेब कुठलंही यंत्र न पाहता, गुरं राखणाऱ्या माणसांनी फक्त ऐकून जमवला होता.

प्रश्न : कॅनडातल्या इन्युइट बायकांचं घशाचं गाणं म्हणजे हेच का? *(एक वाचक)*

उत्तर : नाही. नाव इंग्रजीत एकच पडल्यामुळे हा घोटाळा होतो. कातज्जाक हा दोन बायकांनी समोरासमोर उभं राहून खेळायचा खेळ आहे. एक छोटा तुकडा एकीने टाकायचा, त्याच्या फटीत दुसरीने आपला बसवायचा, आत आणि बाहेर दोन्ही श्वासांवर, आणि जिला आधी हसू फुटेल किंवा दम लागेल ती हरली. त्यात शिट्टीसारखा दुसरा सूर नसतो. खरं सांगायचं तर कातज्जाक हे खूमेईपेक्षा बीटबॉक्सिंगच्या जास्त जवळचं आहे, दोन श्वासांवर चालणारं आणि तालाचं. वरच्या पत्रातल्या विद्यार्थ्याने तेही ऐकावं.

प्रश्न : तुमच्या उत्साहाबद्दल आदर ठेवून विचारतो. एक हजारो वर्षांची पशुपालकांची परंपरा, दुसरी चाळीस वर्षांपूर्वीची रस्त्यावरची करामत. दोन्हींत ‘बघा, तोंडातून काय काय निघतं’ यापलीकडे काही साम्य आहे का? की हे आयोजकांनी ओढूनताणून जमवलेलं लग्न आहे? *(निवृत्त प्राध्यापक)*

उत्तर : सर, आयोजकांनी जमवलेली अशी लग्नं मीही पाहिली आहेत. दोन कलाकार दुपारी भेटतात, रात्री मंचावर एकेक करून आपली हातचलाखी दाखवतात आणि शेवटी पाच मिनिटं दोघं एकदम वाजवतात. त्याला मी देवाणघेवाण म्हणणार नाही. पण ‘करामत’ हा शब्द मला मान्य नाही, आणि साम्य तर तुम्ही म्हणता त्यापेक्षा पुष्कळ खोल आहे.

दोन्ही कला ऐकण्यातून जन्मल्या. तुवा म्हणजे दक्षिण सैबेरियातला, मंगोलियाला लागून असलेला डोंगर-कुरणांचा प्रदेश. 1921 ते 1944 तो स्वतंत्र देश होता, मग सोव्हिएत संघात गेला, आज रशियातलं एक प्रजासत्ताक आहे. राजधानी किझिल येनिसे नदीवर आहे आणि तिथवर अजून रेल्वे गेलेली नाही. तिथला गुराखी वाऱ्याशी, नदीशी, कड्याशी गातो. नुसतं निसर्गाबद्दल गाणं नव्हे, त्या जागेच्या आवाजात आपला आवाज मिसळणं. बोर्बान्नादिर या प्रकारात सूर खडकांवरून लोळत जाणाऱ्या पाण्यासारखा थरथरतो. अलाश हे नावसुद्धा तिथल्या एका नदीचं आहे. तिथला श्रोता आधी आवाजाचा पोत ऐकतो, चाल नंतर.

आता न्यूयॉर्कला या. 1973 च्या ऑगस्टमध्ये ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीतल्या पार्टीतून हिप-हॉप सुरू झालं असं मानतात. 1980 साली जपानच्या रोलंड कंपनीचं टीआर-808 हे तालयंत्र आलं. अशा यंत्रांनाच ‘बीटबॉक्स’ म्हणत. ते विकत घेणं सगळ्यांच्या हातातलं नव्हतं. मग डग ई. फ्रेश, ‘फॅट बॉइज’मधला डॅरेन रॉबिन्सन, बिझ मार्की यांनी ते यंत्र तोंडात आणलं. गुराख्याभोवती रिकीब आणि झरा होता, या मुलांभोवती यंत्राचा ठोका आणि तबकडीवर घासणारी सुई. प्रत्येकाने आपल्या आसपासचा आवाज इतका एकाग्रतेने ऐकला की तो त्यांच्या हाडामांसात उतरला. हे मला हातचलाखी वाटत नाही. माझ्या पेशात असं ऐकणारी माणसं फार थोडी भेटतात.

शरीरातलं साम्य तर थेट आहे. कार्गिरा लावताना स्वरतंतूंच्या वर असलेली मांसल घड्यांची दुसरी जोडीही थरथरू लागते. स्वरतंतू दोनदा हलतात तेव्हा त्या एकदा, म्हणून आपल्याला सूर एक सप्तक खाली ऐकू येतो. बीटबॉक्सर ज्याला थ्रोट बास म्हणतात तो याच घड्यांचा खेळ आहे. कुणी कुणाकडून शिकायच्या आधीच दोघं एका जागी पोचले होते. आणखी एक. 2013 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एका बीटबॉक्सरचं, तो आवाज काढत असतानाच, एमआरआयने चित्रण केलं. तो इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणारा. पण त्याचे ठोके काढण्याचे प्रकार जगाच्या दूरदूरच्या भाषांतल्या व्यंजनांशी जुळत होते, जे त्याच्या स्वतःच्या दोन्ही भाषांत नाहीत. त्याला कुणी ती व्यंजनं शिकवली नव्हती.

राहिला शोडेकेह आणि अलाश. 2015 सालच्या ‘आचाइ’ या त्यांच्या अल्बमवर तो त्यांच्यासोबत आहे. आचाइ म्हणजे वडील. शोडेकेहबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : तो विद्यापीठातल्या नृत्याच्या वर्गांना तोंडाने साथ करत आला आहे. रोज नाचणाऱ्याचं पाऊल कुठे पडतंय, उडी किती वेळ हवेत राहतेय हे बघून ठोका देणं, हा साथीदाराचा कान आहे. असा माणूस खूमेईसोबत बसतो तेव्हा त्याला थांबणं शिकवावं लागत नाही. आणि अलाशच्या तिघांचाही परक्याशी जुळवून घेण्याचा रियाज मोठा. बेला फ्लेकच्या बँजोपासून अनेकांसोबत ते बसले आहेत, आणि प्रत्येक वेळी इगिल, दोशपुलूर, खोमुस ही आपली वाद्यं घेऊनच.

खोमुसवर एक वाक्य जास्त खर्च करते. ते म्हणजे आपलं मोरचंगच म्हणा. पाती एकच स्वर देते, बाकीचं गाणं तोंडाच्या पोकळीतून निघतं, आणि बोटाने ठोका तर आपोआप मिळतो. खूमेई आणि बीटबॉक्सिंग या दोन्ही गोष्टी एकाच लोखंडी पातीत! तुवाच्या माणसासाठी बीटबॉक्सिंग परकं का वाटत नसावं, याचं उत्तर मला खोमुस ऐकताना मिळतं.

तुमच्या ‘हजारो वर्षां’बद्दल मात्र सावध राहावं असं सुचवते. परंपरा जुनी आहे यात शंका नाही, पण आपण मंचावर जे ऐकतो तो संच, ती मांडणी बरीच अलीकडची आहे. हून-हूर-तू 1992 मध्ये बनला. त्याआधी गाणारा माणूस बहुधा एकटाच गात असे. तेव्हा या कलेने एका पिढीत एकदा मोठा बदल पचवला आहे. बीटबॉक्सर शेजारी उभा राहिला म्हणून ती मोडून पडेल अशी नाजूक ती नाही.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी व्हिडिओ बघून घशातून खोल आवाज काढते आणि मग खोकत बसते. नाद कौतुकाचा आहे, पण भीती वाटते. शिवाय कुणीतरी म्हणालं की तुवात बायका हे गातच नाहीत. *(एक आई)*

उत्तर : खोकला येतोय म्हणजे घसा सांगतोय की पुरे. खोल आवाज आजच थांबवा. कार्गिरा दाबून काढायचा नसतो, पण शिकवणाऱ्याशिवाय दाबणं आणि सोडणं यांतला फरक कळत नाही. मला मोठेपणी कळला नाही. एका सुट्टीत मी हट्टाने सराव केला आणि तीन दिवस नीट बोलता येईना. डॉक्टरांनी आवाजाला पूर्ण विश्रांती सांगितली.

तिला दुसरं काही द्या. नेहमीच्या, अजिबात जोर न लावलेल्या आवाजात एक सूर धरायचा आणि ‘ऊ’कडून ‘ई’कडे अगदी सावकाश जायचं, ओठ गोल ठेवून, जणू वाफ बाहेर सोडतोय. न्हाणीघरात करायला सांगा, तिथे भिंती मदत करतात. कधीतरी सुराच्या वर एक बारीक रेघ ऐकू येईल. ती एकदा ऐकू आली की मुलं स्वतःच शोधत बसतात, आणि घशाला त्रास नाही. बीटबॉक्सिंगचे ओठांचे आणि जिभेचे आवाजही तिने खुशाल करावेत.

बायकांबद्दल : गाण्याने गर्भधारणेला अपाय होतो अशी समजूत तिथे होती आणि त्यामुळे बायकांना मनाई होती, हे खरं. पण 1998 साली चोदुरा तुमात यांनी ‘तिवा किझी’ हा फक्त बायकांचा संच उभा केला, आणि त्या जगभर गातात. तिवा किझी म्हणजे तुवाची मुलगी. त्यांचं गाणं तुमच्या मुलीला जरूर ऐकवा. आवाजाच्या बाबतीत ती त्या पुरुषांपेक्षा यांची नक्कल करेल तर जास्त बरं.

प्रश्न : मी लॅपटॉपवर ट्रॅक बनवतो. खूमेईचा एक सात सेकंदांचा तुकडा मिळाला, त्यावर बीटबॉक्सचा लूप टाकला, भन्नाट झालंय. पण मित्र म्हणतो, ही चोरी आहे. बाहेरच्या माणसाने हे वापरूच नये का? *(तरुण संगीत-निर्माता)*

उत्तर : मित्र म्हणतो ते या तुकड्यापुरतं बरोबर आहे. तुकडा ‘मिळाला’ म्हणजे कुणाचा मिळाला? कोण गातंय, कुठला प्रकार आहे, शब्द असतील तर काय आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते शोधा. गायकाला किंवा ध्वनिमुद्रण ज्यांच्या मालकीचं आहे त्यांना विचारा, ते मागतील तो मोबदला द्या आणि ट्रॅकखाली नाव लिहा. ‘मंगोलियन मंत्र’ असं काहीतरी लिहू नका. तो मंत्र नाही, आणि तुवा म्हणजे मंगोलिया नाही. मंगोलियातही ही कला आहे, युनेस्कोच्या यादीत ती 2010 मध्ये मंगोलियाच्या नावाने नोंदली गेली, चीनच्या नावाने त्याच्या आदल्या वर्षी. तुवाचं नाव त्यात नाही. तेव्हा तुमच्यासारख्याने नाव नीट लिहिलं तर त्याला किंमत आहे.

पण बाहेरच्या माणसाने वापरूच नये, हे मला पटत नाही. पॉल पेनाचं उदाहरण देते.

पेना सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा, दृष्टिहीन, ब्लूज गाणारा. 1984 मध्ये एका रात्री शॉर्टवेव्ह रेडिओचा काटा फिरवताना रेडिओ मॉस्कोवर त्याला हा आवाज लागला. तो काय आहे हे कळायलाच त्याला वर्षं लागली. मग ध्वनिमुद्रण मिळवून, कुणीही शिकवणारं नसताना, तो एकटा शिकत राहिला. ब्लूजमध्ये घासलेल्या, खरबरीत आवाजाची जुनी सवय होतीच, त्यामुळे कार्गिरा त्याच्या गळ्याला फार परका नव्हता. पण तो तिथे थांबला नाही. त्याला शब्द कळायला हवे होते. तुवन-इंग्रजी शब्दकोश मिळेना. मग तुवनमधून रशियन आणि रशियनमधून इंग्रजी असे दोन शब्दकोश, आणि तेही छापील. छापलेलं अक्षर बोटाला जाणवेल अशा कंपनांत बदलणारं एक यंत्र होतं, त्यावर एका हाताचं बोट ठेवून, दुसऱ्या हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून सरकवत, अक्षर अक्षर करत तो एकेक शब्द दोनदा शोधायचा.

1993 मध्ये तुवाचे विख्यात गायक कोंगार-ओल ओंदार सॅन फ्रान्सिस्कोत गायला आले. कार्यक्रम संपल्यावर पेना त्यांना भेटला आणि तिथेच उभ्याउभ्या कार्गिरा गायला, त्यांच्या भाषेत. ओंदार यांनी त्याला तुवाला यायचं निमंत्रण दिलं. 1995 मध्ये किझिलच्या खूमेई स्पर्धेत तो उतरला आणि कार्गिरा विभागात पहिला आला. तिथल्या लोकांनी त्याला नाव दिलं ‘चेर शिमजेर’, म्हणजे भूकंप. ओंदार 2013 मध्ये गेले. अलाशमधला बादी-दोर्जु ओंदार त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

तुमचा सात सेकंदांचा तुकडा मला पाठवा. प्रकार कुठला ते बहुधा ऐकून सांगू शकेन, आणि तिथून गायकाचं नाव शोधायला सोपं जाईल. लूप सध्या बाजूला ठेवा, नुसता गळा पाठवा.